वन्संनी ऐकू नये असं गाणं

शनिवारी ऊन कललं की कितिओनेच्या शेडमधून भांडणाचे आवाज यायला लागत आणि बेटावरच्या गावातल्या बायका चटया विणता विणता म्हणत, "बसले बाई हे गाणी तोलायला!"

भांडण वर्षानुवर्षं एकच. आजवर झालेल्या गाण्यांत सगळ्यात भारी गाणं कोणतं? मधोमध लाकडाची परात, परातीत काव्ह्याच्या मुळीचं मातकट, जीभ बधिर करणारं पाणी, करवंटी या हातातून त्या हातात, आणि भोवती मांडी घालून बसलेले बाप्ये. पेनी बेकरीवाल्याच्या मते 'बंदरावरचा दिवा'सारखं गाणं झालं नाही, पुढे होणार नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या कितिओने मास्तरांना ते गाणं म्हणजे पावावर थापलेली साखर वाटे. त्यांच्या लेखी गाणं एकच, 'वाऱ्याने नेलेली चटई'. बाकीची सगळी त्याची लेकरं, तीसुद्धा वाया गेलेली.

"अहो मास्तर, त्या तुमच्या गाण्यात बाई कुठाय?" पेनी ओरडे. "नुसती चटई उडतेय!"

"बाई चटईतच आहे. तुला कशी दिसणार? तुला पाव सोडून कधी काही दिसलंय?"

"पोटात पाव नसला ना, तर तुमची चटई फूटभरसुद्धा उडायची नाही."

मग दोघेही लिसियातेकडे वळत, कारण गळा त्याचा होता. बाकीच्यांचे आवाज म्हणजे भिंती, छप्पर लिसियातेचं. तो वरच्या सुरात शिरला की अंगणातली डुकरंसुद्धा घटकाभर माती उकरायची थांबतात, असं पेनी म्हणे. पण सगळ्यात आवडतं गाणं कोणतं, हे लिसियातेने कधी सांगितलं नाही. "आता जे गाणार आहोत ते," एवढंच म्हणायचा आणि गिटारचे कान पिळायला लागायचा.

नाइतेने ही भांडणं लग्नाच्या आधीपासून ऐकलेली. काव्हा वाढायला बिनलग्नाची मुलगी लागते, आणि जमलेल्या मंडळीत तिचा भाऊ, चुलतभाऊ, मावसभाऊ, कुणी म्हणजे कुणी असून चालत नाही. प्रेमाची गाणी चालली असताना भाऊ आणि बहीण एका छपराखाली बसत नाहीत. बसले तर लाजेने मरायची पाळी. त्यामुळे कुठल्याही घरातून मुलगी बोलवायची तर आधी जमलेल्यांची नाती तपासावी लागत. नाइतेला सख्खा भाऊ नव्हता आणि चुलत-मावस सगळे न्यूझीलंडला गेलेले. "नाइते सोन्यासारखी पोर आहे, तिला कुणी भाऊ नाही," असं म्हातारे उघड म्हणत. अशी स्तुती दुसऱ्या कुठल्या देशात होत असेल असं वाटत नाही. ती खाली मान घालून करवंटी भरायची, आणि समोरचा बस चालवणारा लिसियाते 'अर्धी माळ' म्हणायचा. त्या गाण्यातली बाई माळ गुंफता गुंफता मध्येच उठून जाते, एवढंच. पण ते म्हणताना तो परातीकडे बघायचा आणि परातीच्या कडेवर नाइतेची बोटं असायची.

लग्न झालं. दोन मुलगे झाले, वाढले, ऑकलंडला गेले. लिसियाते बस चालवत राहिला. बसमध्ये दिवसभर गाणी. फक्त भाऊ-बहीण एकत्र चढले की न सांगता त्याचा हात बटणाकडे जाई, आणि दोघांपैकी एक उतरेपर्यंत सगळी बस निमूटपणे एंजिनाची घरघर ऐकत राही. कुणी कुरकुर करत नसे. उद्या ती पाळी आपल्यावर येणार, हे प्रत्येकाला ठाऊक.

नाइते घरात केवड्याच्या पातींच्या चटया विणायची आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या, डोळे गेलेल्या आपल्या आईचं सगळं करायची. असं चाललं होतं. वाईट चाललं होतं असं कुणाला म्हणता आलं नसतं.

मग एका सकाळी बस धुता धुता लिसियाते चाकाशी बसला आणि त्याला उठता येईना. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला, आणि बोलणं पुसल्यासारखं गेलं. इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्याला समोरच्याचं सगळं कळत होतं की काहीच कळत नव्हतं, हे कुणाला सांगता येईना. पाणी हवं असलं तर तो "मा, मा" करायचा. उशी हवी असली तरी "मा, मा"च. नाइते एकामागून एक वस्तू पुढे धरायची आणि शेवटी तो भिंतीकडे तोंड करायचा.

इस्पितळातल्या पोक्त नर्सबाईंनी निघताना तिला बाजूला घेतलं होतं. "हे बघ, डोक्यात बोलण्याची वाट वेगळी आणि गाण्याची वेगळी. एक बुजली तरी दुसरी कधी कधी उघडी राहते. मी दोघा-तिघांना पाहिलंय, पाणी मागता येत नाही पण गाणं म्हणतात. आणि गाण्यावरून हळूहळू शब्दावर येतात. त्याला गायला बसव. नुसतं कुठलंही नाही, त्याचं सगळ्यात जिवाचं गाणं. आणि उशीर करू नकोस."

नाइतेने ते पदराला गाठ मारावी तसं मनाशी बांधून घेतलं. घरी पोचली, तर ओट्यावर तोकिलुपे वन्सं बसलेल्या. एउआ बेटावरून सकाळच्या बोटीने आल्या होत्या. कमरेला मानाची म्हणून बांधतात ती जाडजूड चटई बांधलेली, मांडीवर काळी छत्री, शेजारी कंदांची टोपली.

"आले गं मी," त्या म्हणाल्या. "आता बरा होईस्तोवर इथेच."

तोकिलुपे लिसियातेची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिने त्याला कंद चावून भरवला, कडेवर घेऊन शाळेत नेलं. भावाच्या घरात बहिणीचा शब्द म्हणजे शेवटचा. तिने ही डुकरं माझी म्हटलं की डुकरं तिची. हे मूल मी नेते म्हटलं की मूल तिचं. मुलांना बापापेक्षा आत्याचा धाक जास्त. आणि तोकिलुपेने आयुष्यात तो हक्क कधी चुकीचा वापरला नव्हता, म्हणून तर तिच्याविरुद्ध तोंड उघडणं आणखी अवघड.

भावाच्या खोलीत ती येत नसे. ते रीतीला धरून झालं नसतं. झाडाच्या सालीच्या कापडाच्या पडद्याअलीकडे, ओसरीत चटई टाकून बसे. तिथूनच विचारी, "नाइते, पाठ पुसलीस का?" "नाइते, अळूच्या पानांचं लू जरा पातळ करून दे, नारळाचं दूध कमी घाल." पडद्याची जाडी ती किती! आत कुणी सुस्कारा टाकला तरी बाहेर कळायचा.

घरातला रेडिओ वन्सं आल्या त्याच दिवशी बंद झाला. कुणी बंद कर म्हणालं नाही. नाइतेनेच केला, हात धुवावेत तसा.

पेनी आणि कितिओने रोज येत. अंगणात बसत, वन्संना वाकून नमस्कार करत आणि देवाची गाणी म्हणत. खणखणीत, चर्चमध्ये म्हणतात तशी. आत लिसियाते छताकडे बघत पडलेला. आयुष्यभर तोही चर्चमध्ये ती गाणी गायला होता, पण सगळ्यांबरोबर उभा राहून, पुस्तकात बघून. ज्यांच्यासाठी गिटार खांद्यावर टाकून पावसापाण्यातून जायचा ती ही नव्हेत. नाइते दारात उभी राहून त्याच्या ओठांकडे बघायची. ओठ हलायचे नाहीत.

एकदा तिने फोन उशीखाली ठेवून अगदी बारीक आवाजात 'अर्धी माळ' लावली. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. गाणं त्याच्यासाठी ऐकायची वस्तू नव्हतीच. चार गळे लागले की त्यांच्यावर आपला चढवायचा, ते गाणं. डबीतून मुंगीएवढा येणारा आवाज त्याला नुसता छळत होता. तिने फोन काढून घेतला.

"काय वाजत होतं गं आत?" पडद्याबाहेरून आवाज आला.

"काही नाही वन्सं. मुलांचा फोन."

रविवारी चर्चहून आल्यावर वन्संनी तिला समोर बसवलं.

"नाइते, मी बघतेय. तू कष्टाला कमी पडत नाहीस. पण तुझी आई अंथरुणात, हा अंथरुणात, आणि करणारी तू एकटी. परवा याला जेवण भरवत होतीस तर तिकडे आई हाका मारत होती. शेवटी दोघंही उपाशी. बुधवारच्या बोटीने मी लिसियातेला एउआला नेते. माझ्याकडे सुना आहेत, नातवंडं आहेत. आमचं जन्मघर ते."

नाइतेच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "मग मी?"

"तू आईला टाकून कशी येशील?" वन्सं शांतपणे म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "आणि त्याला कुठे फरक पडतोय? इथे आहे की तिथे आहे, कळतंय का त्याला? मला तर वाटतं, आपला लिसियाते आत राहिलाच नाहीये. उरलंय ते मी सांभाळते. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं असतं ना, की मी इथे राहतो, तर मी हूं का चूं केलं नसतं."

संध्याकाळी नाइतेने ऑकलंडला फोन लावला. थोरला म्हणाला, "आई, आत्या म्हणतेय तर... आपण काय बोलणार?" धाकटा म्हणाला, "तू सांगून बघ ना."

सोमवारी सकाळी ती तडक कितिओनेच्या शेडमध्ये गेली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने तिथे पाऊल टाकलं होतं. मास्तर गिटारची तार बदलत होते, पेनी पाव पोचवून येऊन बसला होता. तिने नर्सबाईंचं सगळं सांगितलं आणि बुधवारचंही सांगितलं.

"म्हणजे आपण इतके दिवस त्याला देवाची गाणी ऐकवत बसलो?" पेनीने कपाळावर हात मारला. "वहिनी, आधी का नाही बोललात?"

"कशी बोलू? पडद्याला लागून वन्सं बसलेल्या. आणि तुम्ही तरी त्यांच्यासमोर म्हटलं असतंत?"

दोघांनीही मान खाली घातली. नसतंच म्हटलं. जीव गेला असता तरी म्हटलं नसतं.

"ठीक आहे," मास्तर घसा साफ करत म्हणाले. "जिवाचं गाणं म्हणजे... उघड आहे. 'वाऱ्याने नेलेली चटई'. ते म्हणताना त्याचा आवाज जो लागायचा..."

"झालं! मास्तर, मरायला टेकला माणूस तरी तुमची चटई सुटत नाही! त्याला 'बंदरावरचा दिवा' आवडायचं. माझ्या पोरीच्या लग्नात त्याने तीनदा म्हटलं ते!"

"तू तीनदा म्हणायला लावलंस."

"आणि त्याने म्हटलं! न आवडणारं गाणं कुणी तीनदा म्हणेल?"

"तुझ्या घरचा डुकराचा रस्सा आवडला असेल."

"पुरे!" नाइते इतक्या जोरात ओरडली की बाहेरचा कुत्रा उठून गेला. "'अर्धी माळ' आहे ते. मला ठाऊक आहे. तुम्ही कुठलंही म्हणा, सगळी म्हणा, पण उद्या दुपारी या. वन्संचं मी बघते."

"काय बघणार?" पेनी हळूच म्हणाला. "त्यांना घराबाहेर जा म्हणणार? वहिनी, असं आजवर कुणी केलेलं नाही."

परतल्यावर तिने बरेच मार्ग शोधले. शेजारच्या फालेसिनीला सांगून वन्संना चटईच्या कामाला बोलावलं, तर वन्सं म्हणाल्या, "भाऊ आजारी असताना मी पाती विणत बसू?" पाद्रीबाबांच्या बायकोला मध्ये घातलं, ती आली, चहा प्यायली, हवापाण्याचं बोलली आणि धीर न होऊन निघून गेली. मंगळवार उजाडला तेव्हा वन्संनी लिसियातेचे कपडे टोपलीत भरायला घेतले होते. त्याचा निळा, बस चालवतानाचा शर्ट घडी करून त्या तळहाताने सारखा करत होत्या. नाइते समोर जाऊन बसली. डोकं जमिनीला टेकवलं आणि तसंच टेकवलेलं ठेवून बोलली, कारण तोंडाकडे बघून तिला बोलता आलं नसतं.

"वन्सं, आज दुपारी तुम्ही घरी नको आहात."

शर्टवरचा हात थांबला.

"नर्सबाई म्हणाल्या, त्याला त्याची गाणी म्हणायला बसवा. शेडमधली. ती तुम्ही असताना होत नाहीत. तुम्ही आलात त्या दिवसापासून या घरात एक गाणं झालं नाही. तुमचा मान राखता राखता त्याची उरलीसुरली वाटही बुजायला आलीय. मला मारा, पण दुपारभर जा."

आतून आईने हाक मारली, तिला ओ दिली गेली नाही. भावाच्या बायकोने बहिणीसमोर त्याच्या प्रेमाच्या गाण्यांचा विषय काढायचा! गावात कळलं असतं तर नाइतेच्या दारात कुणी पाणी प्यायलं नसतं. वन्संचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा झाला.

"माझ्या तोंडावर," त्या म्हणाल्या, "आजवर एवढं नागडं कुणी बोललं नव्हतं." छत्री उचलली. ओट्याखाली उतरल्यावर पाठमोऱ्याच थांबल्या. "चर्चच्या हॉलमध्ये बायका विणायला बसतात. तिथे असेन. बोट उद्या सकाळीच आहे, ते काही बदललेलं नाही."

दुपारी पेनी आणि मास्तर आले. पलंग खिडकीशी ओढला. लिसियातेला उशा लावून बसवलं, डाव्या मांडीवर त्याचं गिटार ठेवलं. त्याने गिटारकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"वन्सं नाहीत," नाइते म्हणाली. "बाहेर गेल्यात. तू गा."

त्यांनी 'वाऱ्याने नेलेली चटई' म्हटलं. मग 'बंदरावरचा दिवा'. सुरेल, संथ, एकही मात्रा न चुकवता, जशी आजाऱ्यापुढे म्हणावीत तशी. लिसियाते ऐकत होता. मग 'अर्धी माळ' सुरू झालं आणि नाइतेने त्याचा डावा हात हातात घेतला. या गाण्यावर तिने सगळं लावलं होतं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. त्याचा हात तिच्या हातात कापडासारखा पडून होता. गाणं संपलं तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं आणि "मा, मा" केलं.

"पाणी?" तिने विचारलं. नाही. "उशी?" नाही. ती उठली आणि भिंतीला कपाळ लावून उभी राहिली. आपल्या गाण्याने तो उठला नाही, याचं दुःख करायलाही तिला आता सवड नव्हती. बाहेर सावल्या लांबत होत्या.

"पुन्हा म्हणू," पेनी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. डोळे पुसत पुसत त्याने एकट्यानेच 'बंदरावरचा दिवा' धरलं आणि तिसऱ्या ओळीत जिथे सूर थांबून थांबून चढायचा, तिथे तो रडण्याच्या भरात एकदम वर गेला.

"थांब," मास्तर म्हणाले. "चुकतोयस."

"चुकू दे! आता काय फरक पडतो?"

"फरक पडतो! जन्मभर याच जागी चुकत आलायस, आज तरी नीट म्हण त्याच्यासमोर!"

"तुम्हीच म्हणा मग! तुमचं कधी चुकलंच नाही ना!" पेनी हट्टाने परत तीच ओळ तशीच, आणखी मोठ्याने, आणखी चुकीची म्हणायला लागला. मास्तर त्याच्यावर आवाज चढवून बरोबर म्हणायला लागले, आणि तेही रागात घसरले. खोलीत नुसता कोलाहल झाला.

त्या कोलाहलावर एक तिसरा आवाज आला. खरखरीत, गंज लागलेला, पण वरचा. तिसरी ओळ, थांबून थांबून, जिथे जितकं थांबायचं तितकंच थांबून. लिसियातेने डावा हात वर केला होता, शेडमध्ये पेनीला गप्प करायला करायचा तसा. चौथी ओळ. शब्द स्वच्छ. बंदर, दिवा, वाट बघणारी, सगळे शब्द. दोघांचे सूर कधी त्याच्या सुराखाली जाऊन उभे राहिले, त्यांना कळलं नाही. पूर्ण कडवं झालं.

"लिसियाते!" नाइते पलंगाशी कोसळली. "बोल! माझं नाव सांग!"

"मा," तो म्हणाला. "मा, मा." आणि तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते पाहून घाईघाईने, बुडता माणूस दोर पकडेल तसं त्याने पुन्हा तेच कडवं धरलं.

नाइते पळाली. चपला घालायचीही शुद्ध नव्हती. चर्चच्या हॉलमध्ये बायका विणत होत्या. एका टोकाला वन्सं, पुढ्यात पाती, हात मात्र रिकामे.

"वन्सं, चला! बोलला! म्हणजे... गायला!"

वन्सं उठल्या. पहिल्यांदाच नाइतेने त्यांना असं धडपडत उठताना पाहिलं. दोन पावलं आल्या आणि थांबल्या.

"देवाचं गायला?"

हॉलमधल्या सगळ्या बायका आपापल्या विणीकडे बघायला लागल्या.

आणि तेव्हा नाइतेच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. ज्या एका माणसाला हा आवाज ऐकवायचा होता, त्यालाच तो ऐकता येणार नव्हता. बाकी साऱ्या गावाने शपथ घेतली असती तरी उपयोग काय?

"माझ्यासमोर एक शब्द बोलू दे," वन्सं म्हणाल्या. "कुठलाही. मी येते."

त्या आल्या. अंगणात गाणं ऐकू येत होतं, तोवर त्या रस्त्यावरच, आवाज पोचत नव्हता तिथे उभ्या राहिल्या, आणि नाइतेने आत जाऊन थांबवलं तेव्हा उंबऱ्याशी आल्या. पडदा सारला. भावाच्या खोलीच्या दारात उभ्या राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. मास्तरांनी गिटार पाठीमागे घेतलं. पेनी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"लिसियाते," वन्सं म्हणाल्या. "मी आहे रे."

"मा," तो म्हणाला.

"माझं नाव घे."

त्याचे ओठ जुळले, सुटले. "मा."

"बघितलंस?" वन्संचा आवाज ओला झाला होता. "नाहीये गं तो."

"आहे!" नाइते किंचाळली. "लिसियाते, गा! ऐकू दे त्यांना! काय म्हणायचं ते म्हणू देत, सगळं गाव थुंकू दे माझ्यावर, पण गा! नाहीतर उद्या तुला नेतील. कळतंय का तुला? बोटीत घालून नेतील! गा रे!"

पेनीने दोन्ही कानांवर हात ठेवले. मास्तर म्हणाले, "वहिनी, नको, वहिनी," आणि सरळ खोलीबाहेर निघून गेले.

लिसियातेने नाइतेकडे पाहिलं. मग दारातल्या बहिणीकडे पाहिलं. छाती भरली, गळ्याची शीर वर आली. गाणं अगदी तोंडाशी आलेलं सगळ्यांना दिसलं. आणि त्याने डावा हात उचलून आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरला. मान हलवली. नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, बोटं गालात रुतली होती, पण हात निघाला नाही. नाइतेने तो ओढून काढायचा प्रयत्न केला, तर त्याने तिला कोपराने ढकललं.

ती खाली बसली. सगळं संपलं होतं. आता त्याचे कपडे टोपलीत भरायचे तेवढे उरले होते.

वन्सं मात्र दारातच उभ्या होत्या. भावाच्या त्या दाबलेल्या हाताकडे बघत होत्या. लहानपणी काही वावगं तोंडून गेलं की त्यांनी रागवायच्या आधीच त्याचा हात असाच तोंडावर जायचा, हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या. पण त्या एकदम जमिनीवर बसल्या.

"कळतंय त्याला," त्या म्हणाल्या. "मी कोण, आणि माझ्यासमोर काय होत नाही, सगळं कळतंय. जिवावर बेतलं तरी मर्यादा सोडत नाहीये." दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकलं. "मी म्हणत होते, आत कुणी उरलं नाही. आहे की गं. पुरता आहे."

पेनीने कानांवरचे हात हळूच काढले.

"याला इथेच ठेव," वन्सं म्हणाल्या. "हे दोघं इथे आहेत. माझ्या घरी याचा हात असाच तोंडावर राहील."

नाइतेला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की ती आनंदाने नाचेल. तिच्याने हललंही नाही.

बुधवारी सकाळी ती वन्संची टोपली घेऊन धक्क्यावर गेली. टोपलीत आता लिसियातेचे कपडे नव्हते. नाइतेने तिची सगळ्यात चांगली, मुलांच्या लग्नासाठी राखून ठेवलेली चटई घालून दिली होती. बोटीवर सिमेंटच्या गोण्या चढत होत्या, कुणाची तरी डुकराची पिल्लं चिरकत होती.

"वन्सं, तो शब्दावर आला की मी फोन करीन. तुमच्याशी बोलेल तो. नर्सबाई म्हणाल्या, हळूहळू..."

"आणि नाहीच आला तर?"

नाइतेला खोटं बोलता आलं नाही.

"जोवर त्याच्याकडे तेवढीच गाणी आहेत," वन्सं म्हणाल्या, "तोवर मी त्या घरात येऊ शकत नाही. मी आले की तो मुका होणार. तुला त्याचा आवाज मिळाला, नाइते. मी तर त्याला बोलायला शिकवलं होतं." एवढं बोलून त्यांनी छत्री उघडली. ऊन नव्हतं तरी उघडली. "जा आता. दोघंही उपाशी असतील घरी."

"तुम्ही माझ्यावर रागावलात?"

"हो," वन्सं म्हणाल्या. "जा."

त्या बोटीच्या फळीवरून चढून गेल्या आणि पलीकडच्या बाजूला, गावाकडे पाठ करून बसल्या. नाइते बोट सुटेपर्यंत थांबली नाही. आईच्या औषधाची वेळ झाली होती, आणि पेनी पाव पोचवून नऊला येतो म्हणाला होता.